काळ्या गुळाचा भाव

आमच्या वाण्याच्या फळीवर गुळाच्या दोन ढेपा शेजारी शेजारी बसलेल्या असतात. एक पिवळीधमक, बत्ता मारला की खडखडीत फुटणारी. दुसरी काळपट, किंचित ओलसर, खाकी कागदात गुंडाळलेली आणि वर ‘सेंद्रिय’ असा हिरवा शिक्का. पहिली 60 रुपये किलो धरली, तर दुसरी सहज 110 ला जाते. दोन्ही उसाच्याच रसाच्या, दोन्ही गोड. तरी कोथिंबिरीच्या जुडीमागे दोन रुपयांसाठी घासाघीस करणारी माणसं काळ्या ढेपेपुढे मुकाट्याने पाकीट उघडतात. मीही त्यांतलाच.

माझ्या आजीला हे सांगितलं असतं तर तिने कपाळाला हात लावला असता. तिच्या लेखी गूळ सोन्यासारखा हवा. काळा गूळ आणायचा तो गाय व्यायली की तिच्या पुढ्यात घालायला. नाहीतर तो नवसागराच्या जोडीने हातभट्टीच्या बातमीत वाचायचा. कोल्हापूरच्या बाजारात गुळाचे सौदे निघत, तिथेही रंग जितका उजळ तितका भाव चढा. म्हणजे पदार्थ तोच राहिला आणि दोन पिढ्यांत भावाची उतरंड मात्र उलटी झाली.

का, असं विचारलं तर उत्तर तयार असतं: ‘तब्येतीला चांगला.’ ते खोटं नाही, पण त्याने कोडं सुटत नाही. कारण तब्येतीला चांगला आहे हे गिऱ्हाइकाला कळलं कसं? गूळ खाऊन तर ते कळत नाही.

## चाखूनही न कळणारा माल

मंडईत वांगी घेताना आपण देठ बघतो, कुठे भोक नाही ना ते फिरवून पाहतो. माल कसा आहे ते पैसे देण्याआधीच समजतं. कलिंगडाचं तसं नसतं. टिचकी मारून अंदाज घ्यायचा, खरं काय ते घरी सुरी चालवल्यावर. फसलो तर पुढच्या खेपेला दुसरा गाडीवाला. बघून कळणारा आणि वापरून कळणारा अशी मालाची विभागणी फिलिप नेल्सन या अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली केली. तीन वर्षांनी मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी तिला तिसरा प्रकार जोडला: वापरूनही न कळणारा माल. स्कूटर बंद पडली, मेकॅनिक म्हणाला अमुक भाग बदलावा लागेल, आपण बदलला, स्कूटर चालू झाली. पण तो भाग खरोखर गेला होता का? हे आपल्याला कधीच कळत नाही. अशा मालाला आपण ‘भरवशाचा माल’ म्हणू.

सेंद्रिय भाजी हा भरवशाच्या मालाचा अस्सल नमुना आहे. कारण ‘सेंद्रिय’ हा शब्द पालकाच्या जुडीबद्दल जवळजवळ काही सांगत नाही. तो तिच्या जन्माबद्दल सांगतो: जमिनीत गेली दोन-तीन वर्षं काय घातलं, काय घातलं नाही, तण विळ्या-खुरप्याने काढलं की औषध मारून. जुडी तोंडाने हे काही बोलत नाही. प्रयोगशाळेत नेली तर कीटकनाशकाचे अंश सापडतील किंवा सापडणार नाहीत, पण तेवढ्यावरूनही निवाडा होत नाही. सेंद्रिय शेतात शेजारच्या बांधावरून वाऱ्याने फवारा येऊ शकतो, आणि भरपूर युरिया घातलेल्या पालकावर औषधाचा अंशही नसू शकतो.

(हा शब्दसुद्धा गमतीचा आहे. रसायनशास्त्राच्या पुस्तकात सेंद्रिय म्हणजे कार्बनची संयुगं. त्या हिशेबाने डीडीटीही सेंद्रियच. शेतीतला अर्थ निराळ्या वाटेने आला. लॉर्ड नॉर्थबोर्न यांनी 1940 साली लिहिलं की शेत हे सजीवासारखं एकसंध असतं, आणि त्यातून ‘ऑरगॅनिक’ शेती हे नाव पुढे रुळलं. त्या विचारामागचं बरंचसं काम आपल्याकडचं होतं. अल्बर्ट हॉवर्ड हे वनस्पतिशास्त्रज्ञ 1924 ते 1931 या काळात होळकरांच्या इंदुरात होते. काडीकचरा, शेण आणि माती यांचे थर लावून खत करण्याची त्यांची रीत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच ओळखली जाते. सेंद्रिय हे विलायतेहून आलेलं खूळ आहे असं म्हणणाऱ्यांना आणि ते निव्वळ आपलंच आहे असं म्हणणाऱ्यांना, दोघांनाही ही हकीकत थोडी गैरसोयीची आहे.)

## गुऱ्हाळात डोकावून

जे दिसत नाही त्याच्या जागी माणूस दिसणारं काहीतरी धरतो. गुळाच्या बाबतीत आपण रंग धरला. तो किती भरवशाचा आहे ते बघायला गुऱ्हाळात जावं लागेल.

चरकातून निघालेला रस काहिलीत पडतो. खाली चुलवाणात चिपाडं धडधडत असतात. रस तापला की वर मळी येते. ती सुटून यावी म्हणून रानभेंडीच्या खोडाचा बुळबुळीत रस घालतात. तो मळीला चिकटतो आणि तिला घेऊन वर येतो, ताकातलं लोणी गोळा व्हावं तसा. रसाचा आंबटपणा मारायला थोडा चुना. मग गुळव्या पाकावर नजर ठेवून उभा राहतो आणि नेमक्या क्षणी काहील उतरवायला सांगतो. एवढ्यावर जो गूळ होतो तो सहसा तांबूस किंवा तपकिरी. पिवळाधमक क्वचितच.

बाजाराला मात्र पिवळाच हवा होता. म्हणून काहिलीत हायड्रॉस आलं. सोडियम हायड्रोसल्फाइट नावाची ही पांढरी भुकटी कापड गिरण्यांत रंग उडवायला वापरतात. ती रसातल्या रंगद्रव्यांचा रंग घालवते आणि मागे गंधकाचे अंश ठेवते. गुळात त्यांचं प्रमाण किती चालेल याला कायद्याने मर्यादा आहे. गंमत म्हणजे हा पिवळेपणा टिकतही नाही. ढेप काही आठवडे पडून राहिली की पुन्हा काळवंडायला लागते. पुढे ही गोष्ट षट्कर्णी झाली, आणि पिवळा रंग बघून खूश होणारं गिऱ्हाईक त्याच रंगाला घाबरू लागलं. पावडर घातली की पिवळा, नाही घातली की काळा. म्हणून काळा तो शुद्ध.

तर्कात भोक इथेच पडतं. गूळ काळा व्हायला पावडर न घालणं हे एकच कारण नसतं. पाक जास्त कढला तरी काळा होतो. चुना जास्त पडला तरी होतो. तोडलेला ऊस तीन-चार दिवस उन्हात पडून मग चरकात गेला तरी होतो. म्हणजे आजीने ज्याला गुरांचा गूळ म्हटलं असतं, तोही खाकी कागदात बसवला की तसाच दिसतो. शिवाय मुळात इथे दोन प्रश्नांची गल्लत आहे. काहिलीत रसायन घातलं नाही हा एक प्रश्न, ऊस रासायनिक खताशिवाय वाढवला हा दुसरा. ‘केमिकलविरहित’ गूळ युरियावर पोसलेल्या उसाचा असू शकतो, आणि त्यात विकणारा खोटंही बोलत नसतो. ‘सेंद्रिय’ म्हणताना मात्र ऊसही तसाच लागतो.

## चांगला माल बाजारातून कसा उठतो

आता समजा एका गुऱ्हाळवाल्याने सगळं नियमाने केलं. त्याला 110 रुपये मिळाले तरच परवडतं. शेजारचा नुसता कढवून काळा केलेला गूळ त्याच शिक्क्याखाली 80 ला देऊ शकतो. गिऱ्हाइकाला फरक दिसत नाही. ते मनात म्हणतं, यात खरं किती, खोटं किती देव जाणे, आणि मधला 95 रुपये भाव सांगतं. खोट्याला 95 म्हणजे चांदी. खऱ्याला तोटा. तो पुढच्या हंगामात ऊस साखर कारखान्याला घालतो. आता बाजारात खोट्याचं प्रमाण वाढलं, गिऱ्हाइकाला ते जाणवलं, भाव आणखी उतरला.

जुन्या मोटारींच्या बाजारावरून जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 साली हेच दाखवलं होतं: मालाची खरी माहिती एकाच बाजूला असेल तर वाईट माल चांगल्याला हुसकावून लावतो. 2001 चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना या विषयावरच्या कामासाठी विभागून मिळालं. या घसरगुंडीला अडवायचं तर माहिती इकडून तिकडे नेणारा कोणीतरी तिसरा हवा, ज्याला खोटं बोलून फायदा नाही. प्रमाणपत्र हा तो तिसरा माणूस.

चौकट : पिशवीवर काय बघावं

*जैविक भारत* हे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं चिन्ह 2017 साली आलं. वेष्टनातला माल सेंद्रिय म्हणून विकायचा तर प्राधिकरणाने ठरवलेलं चिन्ह आणि त्यामागचं प्रमाणपत्र लागतं.

त्यामागे दोन व्यवस्था आहेत. एनपीओपी ही 2001 सालची, मुळात निर्यातीसाठी आखलेली. तिच्यात बाहेरची मान्यताप्राप्त संस्था शेताची तपासणी करते. पीजीएस-इंडिया छोट्या शेतकऱ्यांसाठी. तिच्यात गटातले शेतकरीच एकमेकांची शेतं तपासतात. ‘पीजीएस-इंडिया ग्रीन’ असं लिहिलं असेल तर शेत अजून बदलाच्या वाटेवर आहे.

‘नैसर्गिक’, ‘गावरान’, ‘शुद्ध’, ‘फार्म फ्रेश’ हे नुसते शब्द आहेत. त्यांच्यामागे यातली कुठलीही तपासणी असेलच असं नाही.

स्वतःचा माल थेट ग्राहकाला विकणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला प्रमाणपत्रातून सूट आहे.

## उष्टावणानंतरची भीती

एवढं असूनही बहुतेक गिऱ्हाइकं चिन्ह उलटून बघत नाहीत. मग पैसे कशाच्या जोरावर देतात?

माझं निरीक्षण असं की घरात मूल वरणभातावर आलं की सेंद्रियचा शिरकाव होतो. त्याआधी नवरा-बायको रस्त्यावरची भेळ निवांत खात असतात. पोराचं उष्टावण झालं की तांदूळ वेगळा, मूगडाळ वेगळी, गूळ वेगळा. भीतीचं हे वागणं पॉल स्लोविक या मानसशास्त्रज्ञाने 1987 सालच्या एका गाजलेल्या लेखात समजावून दिलं. धोका किती मोठा आहे यापेक्षा तो कसा आहे, यावर आपली भीती ठरते. दिसत नाही, आपण ओढवून घेतलेला नाही, परिणाम कधी होईल ते ठाऊक नाही, आणि भोगायचं पोरांनी, असा धोका मनात फार मोठा होतो. कीटकनाशकाचा अंश या सगळ्या कसोट्यांना उतरतो. उलट जो धोका आपल्या हातात आहे असं वाटतं, तो आपण हसत पत्करतो. सेंद्रिय भाजीची पिशवी स्कूटरला लटकवून, हेल्मेट कोपरात अडकवून घरी जाणारे गृहस्थ पुण्यात रोज दिसतात.

अशा भीतीवर जास्तीचे 50 रुपये हा विम्याच्या हप्त्यासारखा खर्च असतो. हप्ता भरताना आपण धोक्याचं गणित करत नाही. डोक्यातला विषय मिटतो, त्याचे पैसे देतो.

## प्रभावळ

देवाच्या मूर्तीमागे प्रभावळ असते. मूर्ती वीतभर असली तरी प्रभावळीमुळे मखर भरून जातं. शब्दांनाही अशी प्रभावळ असते. एक गुण चांगला दिसला की बाकीचे न तपासता चांगले मानायचे, या सवयीला मानसशास्त्रात याच अर्थाचं नाव आहे.

अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातले जोनाथन शुल्ट आणि नॉर्बर्ट श्वार्झ यांनी 2010 साली याचा एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना ओरिओ बिस्किटांची माहिती दिली. काहींना तीच बिस्किटं सेंद्रिय पीठ आणि सेंद्रिय साखर वापरून केली आहेत असं सांगितलं. सेंद्रियवाल्यांना वाटलं, यात कॅलरी कमी असणार, ही जास्त वेळा खाल्ली तरी चालतील. आता साखर सेंद्रिय असली म्हणून तिच्या कॅलरी काही घटत नाहीत. पण शब्दाने आपलं काम केलं होतं. मधुमेह असलेली माणसं ‘सेंद्रिय गूळ आहे, चालतो’ म्हणत चहात दोन खडे टाकतात तेव्हा मला हा प्रयोग आठवतो. तो गूळ कुठल्याही शेतातून आला असला तरी रक्तात जाऊन साखरच होतो.

या प्रभावळीचा एक किरण किमतीतूनही येतो. जिथे माल पारखता येत नाही तिथे महाग ते चांगलं असा ठोकताळा चालतो. त्यामुळे 110 चा सेंद्रिय गूळ कोणी 65 ला द्यायला लागला तर तो जास्त खपण्याऐवजी संशयित ठरतो. टोमॅटोच्या बाबतीत असं होत नाही. स्वस्त टोमॅटोवर उड्या पडतात.

आणि पाहुण्यांसमोर ‘आमच्याकडे घाण्याचंच तेल’ असं सहज निघून जातं, त्याचं काय? थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी 1899 साली दाखवण्यासाठी केलेल्या खर्चावर पुस्तक लिहिलं, त्यात त्यांच्यासमोर अमेरिकेतले श्रीमंत होते. आपल्याकडे याला आणखी एक जुना धागा चिकटलेला आहे असं मला वाटतं. सोवळ्याचा. बाहेरचं चालत नाही, आमचं पाणी वेगळं, आमचं पीठ वेगळं. सोवळं गेलं आणि त्याची जागा रिकामी राहिली नाही. हे थोडं तिखट वाटेल, पण स्वतःच्या स्वयंपाकघराकडे बघून लिहितो आहे.

## जास्तीचा पैसा जातो कुठे

या सगळ्यावरून सेंद्रियचा भाव हवेतून येतो असं कोणी समजू नये. शेतात त्यातला बराच पैसा घामाचा असतो. जगभरातल्या तुलना एकत्र करून 2012 साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सेंद्रिय शेतीचं उत्पन्न पीक आणि परिस्थितीनुसार 5 ते 34 टक्के कमी आढळलं. तणनाशक नाही म्हणजे खुरपणीला बाया लागतात, आणि मजुरी काय झाली आहे ते शेतकऱ्याला विचारा. जीवामृत ढवळायचं, दशपर्णी अर्क कुजत घालायचा, गांडूळ खताचे वाफे सांभाळायचे, या सगळ्याला दुकानातून बाटली आणण्यापेक्षा जास्त वेळ जातो. आणि सगळ्यात अवघड काळ म्हणजे बदलाची पहिली दोन-तीन वर्षं. तेव्हा उत्पन्न घटलेलं असतं, पण माल अजून सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. कमी पीक आणि साधा भाव. पुष्कळ जण इथेच परत फिरतात.

शिवाय माल थोडा आणि विखुरलेला. एका गावातून दहा पोती, दुसऱ्यातून चार. ट्रक अर्धा रिकामा धावला तरी डिझेल तेवढंच लागतं. गिऱ्हाइकाचे जास्तीचे 50 रुपये शेतकऱ्याकडे अख्खे पोचत नाहीत, त्याचं हे एक कारण. दुसरं कारण शहरातल्या दुकानाचं भाडं.

## हाती काय लागतं

पौष्टिकतेचा प्रश्न अजून धुमसतो आहे. 2012 साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 200 हून अधिक अभ्यास चाळले आणि सेंद्रिय अन्न जास्त पौष्टिक असल्याचा भक्कम पुरावा नाही असं म्हटलं. 2014 साली न्यूकॅसलच्या गटाने 343 शोधनिबंध एकत्र करून सांगितलं की सेंद्रिय पिकांत काही अँटिऑक्सिडंट जास्त आणि कॅडमियम हा जड धातू कमी असतो. एका मुद्द्यावर दोघांचं जुळतं: सेंद्रिय मालात कीटकनाशकांचे अंश सापडण्याची शक्यता बरीच कमी. (शून्य नव्हे; आणि सेंद्रिय शेतीतही कडुनिंबाचा अर्क, बोर्डो मिश्रण अशी औषधं चालतात.)

पण अंश कमी म्हणजे आजार कमी का? फ्रान्समध्ये सुमारे 69,000 लोकांच्या पाहणीत सर्वाधिक सेंद्रिय खाणाऱ्यांत कर्करोगाचं प्रमाण 25 टक्के कमी दिसलं. ते 2018 साली प्रसिद्ध झालं. त्याआधी ब्रिटनमध्ये सहा लाखांवर स्त्रियांच्या पाहणीत एकंदर कर्करोगात अशी घट दिसली नव्हती. अडचण ही की सेंद्रिय घेणारी माणसं सहसा शिकलेली, बऱ्या उत्पन्नाची, सिगारेट कमी ओढणारी असतात. गुण कशाचा, गुळाचा की पगाराचा, हे वेगळं काढणं कठीण जातं.

ज्याला निश्चित फरक पडतो तो माणूस या हिशेबात सहसा नसतोच. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. आपल्या ताटात विषाचा अंश येतो; पाठीवर पंप घेतलेल्या माणसाच्या नाकातोंडात फवारा जातो. सेंद्रिय शेतीने तो पंप उतरतो, किंवा त्यात निदान निंबोळी अर्क भरला जातो. दुकानातल्या पाटीवर मात्र याबद्दल अवाक्षर नसतं. ‘तुमच्या कुटुंबाच्या आरोग्यासाठी’ असंच लिहिलेलं असतं, कारण माल त्याने खपतो.

काही गिऱ्हाइकांनी यातून स्वतःपुरती वाट काढली आहे. आठवडी बाजारात एकाच शेतकऱ्याकडून वर्षानुवर्षं घ्यायचं, हुरड्याच्या निमित्ताने त्याच्या शेतावर जाऊन यायचं, खत कुठे टाकतो ते बघायचं. चिन्हावरचा भरवसा माणसावर ठेवायचा. यात फसगत होत नाही असं नाही, पण फसवणाऱ्याला पुढच्या शनिवारी तोंड दाखवायचं असतं, ही अडचण त्याला प्रमाणपत्रापेक्षा मोठी वाटते.

परवा मी आमच्या वाण्याला विचारलं, “काका, या गुळाचा ऊसच सेंद्रिय आहे, की नुसती पावडर घातलेली नाही?”

त्यांनी तराजूतून मान वर केली. माझ्याकडे बघितलं, ढेपेकडे बघितलं.

“काळा आहे ना, साहेब?”

मी अर्धा किलो घेतला.